धोतरा, कण्हेर आणि सात नंबरचं कासव

मुक्काम पाटोद्याच्या वरचा डोंगर,
कासवांच्या कुंपणाच्या आत, पालथ्या घमेल्यावर बसून.
श्रावणातला बुधवार, सकाळचे दहा.

सकलगुणमंडित, शेळ्यामेंढरांचे धनी, लहानपणचे सोबती सटवाबापू यांना महादेवाच्या देवळातल्या राधाकिशन गुरवाचा दोन्ही हात जोडून रामराम. तुझी तबियत कशी हाय? गुडघा अजून चढाला कुरकुरतो का? ती एका शिंगाची म्हातारी शेळी जित्ती हाय का? आष्टीकडं चारा हाय, का तिकडंबी पावसानं ओढ दिलीय? तुला वाचता येत न्हाई, म्हणून हे पत्र तुझी सून अंजू तुला वाचून दाखवणार असं धरून चाललोय. अंजू पोरी, तू अंगणवाडीत लेकरं सांभाळतीस, तुझ्यावर माझा भरवसा हाय. नियम एकच: कंसात जे लिहिलंय ते तू मनातल्या मनात वाचायचं, सासऱ्याला ऐकवायचं न्हाई. (आता बघ, हे कंसातलं. इकडं आम्ही अजिबात खुशाल न्हाई. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई, म्हणून अक्षर असं आलंय. सटव्यानं विचारलं तर गुरवाचं अक्षर असंच असतं म्हणून सांग.) इकडं आम्ही सगळे खुशाल हाय.

फोन सोडून पत्र कावून, असं तू म्हणशील. तर बापू, सोमवारपासून मी तुला सतरा फोन केले. तुझ्या फोनात माझ्या नावाला पिंडीचा फोटू लावलाय, त्यामुळं अक्षर न येताबी तुला कळतं कोण हाय ते, आणि तू लाल बटण दाबतोस. पत्राला लाल बटण नसतं. तीन वर्षं झाली तू माझ्याशी बोलत न्हाईस, आणि त्याचं कारण सगळ्या पंचक्रोशीला ठावं हाय. देवळामागच्या बेलबागेतली माझी चाळीस रोपं तुझ्या शेळ्यांनी एका सकाळी बुडख्यापर्यंत खाल्ली. मी ग्रामपंचायतीत तक्रार केली. तुझ्या शेळ्या दोन दिवस कोंडवाड्यात राहिल्या, आणि वैशाखाच्या उन्हात तुझं ते ठिपक्याचं करडू तिथं गेलं. तू एक शब्द बोलला न्हाईस. करडू खांद्यावर टाकलंस आणि शेळ्या हाकत आष्टीकडं गेलास, ते गेलासच. तर तो विषय मी ह्या पत्रात काढणार न्हाई. काढलाच तर कंसात काढीन. (अंजू, त्या बेलबागेला एक लोखंडी फाटक होतं आणि फाटकाला कडी होती. एवढंच. पुढं वाच.)

आता मुद्द्याला येतो. माझ्यापुढं चार हातांवर एक कासव हाय आणि ते परवापासून जागचं हाललं न्हाई.

ते इथं कसं आलं ते सांगतो, न्हाईतर तू म्हणशील गुरवाला म्हातारपणी कासवं पाळायची हौस आली. इथं टेकाडावर एक संस्था आलीय, जखमी झालेली, कुणी पकडलेली जनावरं सांभाळती. चार महिन्याखाली जंगल खात्यानं हायवेवर एक गाडी धरली, तर तिच्यात टमाट्याच्या कॅरेटखाली नऊ कासवं. तळहाताहून थोराड, पाठीवर पिवळ्या चांदण्या कोरल्यागत. ही कासवं पाळणं, विकणं, दोन्ही गुन्हा. कोर्टात केस चालू हाय, आणि निकाल लागंपर्यंत कासवं इथं ठेवलीत. कागदावर त्यांचं नाव कासव न्हाई, मुद्देमाल. जित्ता मुद्देमाल, नग नऊ. पाठीवर एक ते नऊ नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी साहेब लोक येतात आणि नग मोजून सही करून जातात. हा येता शुक्रवार तोच. आता हाललं न्हाई म्हणतो ते त्यातलं सात नंबर, सगळ्यात मोठी मादी. (मी तिला मनात गीताबाई म्हणतो. आमच्या सासूबाईंचं नाव. त्याबी रुसल्या की अशाच मान आत घेऊन बसायच्या. रतनबाईला कळलं तर दहावा नग मी असंन.)

मी इथं कसा, तर देवळाच्या ट्रस्टनं नवा पुजारी ठेवला. पोरगं माईकवर आरती म्हणतं, माझा आवाज माईकला बसंना. मग इथल्या तेजश्री मॅडमनी मला झाडाझुडपाच्या कामाला घेतलं. ह्या मॅडम सगळ्या संस्थेच्या प्रमुख, आणि वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. मला काका म्हणतात. आणि एक बजरंग म्हणून उतारवयाचा वॉचमन हाय, तो मला गुरवबाबा म्हणतो आणि दुसरं काही बोलतच न्हाई. तर मॅडमना नागपूरला पंधरा दिवसाच्या ट्रेनिंगला जायचं होतं. कुंपण नवं बांधलेलं, आत नुसती माती आणि कडंकडंनं थोडी हराळी. जायच्या आधी त्या म्हणल्या, काका, आत झाडं लावून घ्या, सावलीची आणि कासवांच्या खाण्यातली, इथल्याच मातीतली असावीत. आणि माझ्या हातात घडी घातलेला एक कागद दिला. ह्यात सगळं लिहिलंय म्हणल्या, फोटोंसकट. मी कागद बंडीच्या खिशात घातला. उघडला न्हाई. कावून उघडावा? चाळीस वर्षं मी महादेवाला पत्री घालतोय, डोंगरातलं पान न् पान मला ओळखतं, आणि कालची पोरगी मला कागदावरून झाडं सांगणार? (अंजू, ह्याला गर्व म्हणतात. मला आता कळतंय. पण हे ऐकवू नको, सटवा गालातल्या गालात हसंल आणि मला ते इथपर्यंत ऐकू येईल.)

मग मी माझं डोकं चालवलं. आता तूच सांग बापू, कासव कुठं असतं? कुठल्याबी महादेवाच्या देवळात जा. बाहेर नंदी, मग फरशीत कोरलेलं कासव, आणि आत देव. म्हंजे कासव हे देवाच्या घरचं माणूस. घरचं माणूस काय खाणार? धन्याच्या ताटात जे पडतं तेच. आणि महादेवाच्या ताटात काय पडतं, हे ह्या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठावं हाय? बेल, धोतरा, कण्हेर, पांढरी रुई. झालं! पाच दिवस मी डोंगर पालथा घातला. मधोमध बेल लावला. उगवतीला धोतरा, मावळतीला कण्हेर, दारात दोन्ही अंगानं पांढरी रुई, आणि कासवांच्या सावलीला केलेल्या खोपटाभोवती परत धोतरा. शनिवारी गावातल्या बाया बघायला आल्या, त्यांनी कुंपणाबाहेरूनच हात जोडले. एकजण म्हणली, गुरवकाका, तुमी तर हितं दुसरं देऊळच उभं केलं. मी लई फुगलो. देवाला हे सगळं चालतं, कारण त्यानं हलाहल पचवलंय. कासवानं काय पचवलंय, हे विचारायचं मला सुचलं न्हाई.

थांब. मान हालली वाटतं.

न्हाई. माशी बसली होती.

तर मला सुचलं न्हाई, पण रतनबाईला सुचलं. माझी बायको तुला ठावी हाय, तिला कुठल्याबी गोष्टीत आधी खोट दिसती. भाकरी घेऊन आली आणि कुंपणाला धरून बघत उभी राहिली. म्हणली, अवो, ह्या धोतऱ्यानं रामकिसन तीन दिवस खांबासंगं बोलत बसलता, इसरलात का? आता रामकिसनचं तुला आठवत असंल. शिवरात्रीला भांगेत धोतऱ्याचं बी घातलं आणि सभामंडपातल्या खांबाला सासरा समजून तीन दिवस आग्रह करत बसला, मामंजी जेवून जावा, मामंजी अशानं मन दुखतं. खांब जेवंना म्हणून शेवटी रडला. पण मी रतनबाईला म्हणलं, रामकिसन काय कासव हाय का? ती म्हणली, न्हाई, कासवाला निदान पाठ तरी टणक असती. पुढचं ती डोंगर उतरता उतरता बोलली, ते सगळं मला ऐकू आलं न्हाई, पण माझ्याविषयीच होतं.

आता कासवं. ती माझ्या झाडांकडं पाठ करून कडंची हराळी खात बसली. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. मी धोतऱ्याचं फूल पुढं नेऊन ठेवलं तर चार नंबर त्याच्यावरून चालत गेलं. माझा अपमान झाला. देवाची पत्री सोडून गवत खायचं म्हंजे काय? पोरांना घरचं वाढलं तर बाहेरचं चघळतात, मग आई बाहेरचं बंद करती, तसं मी केलं. रविवारी खुरपं घेतलं आणि कुंपणाच्या आतली सगळी हराळी मुळासकट उपसून बाहेर फेकली. घामाघूम झालो. दुसरं खायलाच ठेवलं न्हाई. (अंजू, हे वाक्य तू सावकाश वाच. धोतरा लावला ती चूक होती. पण हराळी उपटली तो माझा हट्ट होता, आणि सगळं त्यानंच झालं.)

सोमवारी श्रावणी सोमवार, माझा उपास. पिंडीला पाणी घालून अकराच्या सुमारास वर आलो आणि रोजच्यागत मोजले. आठ. परत मोजले. आठ. बेलापासून एकेक झाड बघत गेलो. उगवतीच्या धोतऱ्याखाली सात नंबर पडली होती. चारी पाय बाहेर, मान बाहेर, नाकाखाली फेसागत ओलं. आणि तिच्या तोंडासमोर धोतऱ्याचं एक पान, त्याला कडंनं अर्धा गोल चावा घेतलेला. किती गिळलं आणि किती थुंकलं, कोण सांगणार? मी हाक मारली. कासवाला हाक मारत्यात का? पण मारली. गीताबाई, ओ गीताबाई, उठा! (रतनबाईनं ते ऐकलं न्हाई, देवाची कृपा.)

बजरंग धावत आला. त्यानं मॅडमना फोन लावला, समोरासमोर दिसतं तसला. मॅडमनी एका दमात सांगितलं: तोंडात काही घालू नका, तेल न्हाई, तूप न्हाई, तीर्थ तर अजिबात न्हाई (माझ्या हातात तांब्या दिसला असंल), घमेल्यात कोमट पाणी घ्या, हनुवटीच्या खाली राहील एवढंच, आणि तिला त्यात धरून ठेवा. मी धरून बसलो. बजरंग चौसाळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरला आणायला गाडीवर पाठवला असता तर उशीर झाला असता, म्हणून मॅडमनी डॉक्टरला तिकडूनच निघायला लावलं. मग त्या म्हणल्या, मला आतली झाडं दाखवा. बजरंगनं फोन फिरवला. उगवत दाखवली, मावळत दाखवली, दार दाखवलं. मॅडम म्हणल्या, परत एकदा दाखवा. मला वाटलं रेंजमुळं नीट दिसलं नसंल. नीट दिसलं होतं. मग मॅडमनी लई हळू आवाजात विचारलं, "काका, हे सगळं कुणी लावलं?"

आता बापू, मी खोटं एक अक्षर बोललो न्हाई. मी म्हणलं, "मॅडम, बजरंग रोज पाणी घालायचा इथं."

हे खरं होतं. बजरंग पाणी घालायचाच. मी सांगायचो आणि तो घालायचा. कागद वाचून मी असलं लावीन हे मॅडमच्या मनातबी आलं नसंल; त्यांनी एवढंच ऐकलं आणि बजरंगला म्हणल्या, मी आल्यावर चावी माझ्याकडं दे, उद्यापासून तुझं काम बंद. बजरंगनं माझ्याकडं बघितलं. मी घमेल्यात बघत होतो. त्यानं फोन खिशात घातला, एक शब्द बोलला न्हाई, आणि उगवतीपासून झाडं उपटायला लागला, नुसत्या हातांनी. कण्हेरीचा चीक हाताला लागायला लागला तेव्हा मी ओरडलो की हात धू, डोळ्याला लावू नको. त्यानं हात धुतले आणि परत उपटायला लागला. असा गप माणूस मी ह्याआधी एकच बघितलाय. (अंजू, तू हुशार हायेस. कोण ते तुला कळलं असंल.)

डॉक्टर संध्याकाळच्या आत आले. बैल-म्हशींचे डॉक्टर, भला माणूस. आल्या आल्या म्हणले, मी कासव आयुष्यात हातात धरलं न्हाई. मग फोनवर नागपूरच्या कुणा मोठ्या डॉक्टरला विचारून विचारून त्यांनी कातडीखाली पाणी दिलं, एक सुई दिली, आणि सांगितलं की कासवाचं सगळंच सावकाश. विष सावकाश चढतं, सावकाश उतरतं. दोन दिवस, तीन दिवस काहीच सांगता येणार न्हाई. आपल्या तोंडानं खाल्लं तर वाचली. न्हाई खाल्लं तर, असं म्हणून ते चहा प्यायले. मंगळवार असाच गेला. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी, मधी सावली. बाकीची आठ धडधाकट हायेत. त्यांना मी कुंपणाबाहेरची हराळी गोळा करून घालतो, रविवारी फेकलेलीच, सुकलेली, आणि ती खातात. सात नंबर बघतसुद्धा न्हाई. आणि काम बंद झालेला बजरंग अजून इथंच हाय, कुंपणाबाहेर दगडावर बसलाय. मी म्हणलं घरी जा. तो म्हणला, गुरवबाबा, चावी मॅडमच्या हातात द्यायचीय. पण बघतो ते चावीकडं न्हाई, सात नंबरकडं.

आता उजवा पाय थोडा आत गेला. खरंच गेला. मी रेघ मारून ठेवलीय मातीत.

गेला, पण परत बाहेर आला न्हाई. हे चांगलं का वाईट, मला काय कळतंय?

असं बसल्या बसल्या मला एक आठवलं, आणि म्हणून हे पत्र. आपण चौथीत होतो, तू नुसता पटावरच. तू शाळा बुडवून बापाच्या शेळ्या घेऊन ह्याच डोंगराला गेलतास, मी पत्रीला. बोरीच्या जाळीखाली तुला असलंच चांदण्यांचं कासव सापडलं होतं. दुसरं कुणी असतं तर उचलून गावात नेलं असतं. तू पोटावर पडून दुपारभर नुसता बघत राहिलास. आणि संध्याकाळी मला सांगितलंस: त्यानं फड्या निवडुंगाचं लाल बोंड खाल्लं, मारवेल गवताचा कोंब खाल्ला, कुर्डूचं पान खाल्लं, आणि रुईपाशी गेलं, हुंगलं, आणि माघारी फिरलं. मी म्हणलं, फेकू नको बे, कासव कधी हुंगतं का? तुझ्या शेळ्या तवर दुसऱ्याच्या ज्वारीत शिरल्या होत्या, म्हणून तू बापाचा मारबी खाल्लास. पन्नास वर्षं झाली. कासवाला रानात स्वतः खाताना बघितलेला माणूस मला ह्या जिल्ह्यात एकच माहीत हाय, आणि तो माझा फोन उचलत न्हाई.

असो. पत्र लई लांबलं. वहिनीला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, एका शिंगाच्या म्हातारीला माझ्याकडून मूठभर हरभरा. गुडघ्याला तेल लाव. बाकी सगळं ठीक.

तुझा,
राधाकिशन

ता. क. (बुधवार, दुपारचे चार) ज्याच्या हाती पत्र धाडायचं तो आष्टीच्या गाडीचा कंडक्टर आज रजेवर हाय, पत्र उद्या सकाळच्या गाडीनं येईल. तवर खरं काम लिहून टाकतो, वर लाजेनं लिहिलं न्हाई. कुंपण आता पार उघडं पडलंय, नुसता बेल उभा हाय. शुक्रवारी साहेब यायच्या आत तिथं खाण्याजोगं आणि सावलीचं लावायला पाहिजे, आणि मी आता माझ्या हातानं कोथिंबीरसुद्धा लावणार न्हाई. तू ये. शुक्रवारी पहिल्या गाडीनं. डोंगर चढताना वाटेत तुझ्या त्या बोरीच्या जाळीतलं जे काही असंल ते मुळासकट घेऊन ये. मारवेलाचे थोंब, फड्याची दोन पानं, कुर्डूची रोपं. कुठलं कुठं लावायचं ते तू बोट दाखव, मी खड्डे काढतो. मी तोंड उघडणार न्हाई.

ता. क. दुसरा (बुधवार, दिवेलागणीला) मॅडम ट्रेनिंग सोडून आल्या. आल्या त्या थेट कुंपणात, पायातली चप्पल काढायचीबी शुद्ध न्हाई. सात नंबरला हातात घेऊन बघितलं, परत ठेवलं, आणि बजरंगकडं चावीला हात पुढं केला. बजरंगनं चावी काढली. तेव्हा, बापू, माझ्या तोंडातून आपोआप निघालं. म्हणलं, मॅडम, त्याला सोडा, झाडं मी लावली, हराळीबी मीच उपटली, त्यानं नुसतं पाणी घातलं, तेबी मी सांगितलं म्हणून. मॅडमनी चावीला पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणल्या, काका, मी दिलेला कागद कुठाय? मी बंडीच्या खिशातून काढला. घामानं आणि भस्मानं चिकटला होता, सोलून उघडावा लागला. मराठीत होता! माझ्यासाठी म्हणून मोठ्या ठसठशीत अक्षरात छापून आणलेला. आणि सगळ्यात वर, लाल रेघ मारून: हे कधीही लावू नये. खाली चार फोटू. धोतरा, कण्हेर, रुई, घाणेरी. चारातली तीन मी लावली होती. चौथी लावली न्हाई कारण घाणेरी महादेवाला चालत न्हाई. मॅडमनी चावी बजरंगच्या हातात परत दिली आणि त्याची माफी मागितली, माझ्यासमोर. माझं काय ते शुक्रवारी बघू म्हणल्या. बजरंगनं मला जाताना विचारलं, गुरवबाबा, जेवलात का? ह्याच्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ता. क. तिसरा (गुरुवार, सकाळचे सात) अंजू, हे मोठ्यानं वाच, घाईनं वाच! कुंपणाच्या नैऋत्येला, दगडाच्या फटीत, माझ्या खुरप्याला सापडली न्हाई अशी चिमूटभर हराळी राहिली होती. मी आलो तर सात नंबर जागेवर न्हाई. मोजले. सात, आठ... आणि नववी ती त्या फटीत डोकं खुपसून! पाऊणेक तास लागला असंल तिला तिथवर जायला. मी श्वास धरून उभा राहिलो. तिनं एक काडी ओढली. सुटली. परत धरली. ओढली. तुटली, आणि बापू, तिनं ती खाल्ली. मी आणि बजरंग एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो, दोन म्हातारे गडी, आणि मॅडम आम्हाला बघून फोनवर डॉक्टरला सांगताना रडल्या. डॉक्टर म्हणतात अजून आठ दिवस जपायचं, पण तोंड लावलं म्हंजे अर्धी लढाई जिंकली. माझ्या नजरेतून सुटलं म्हणून तेवढं गवत वाचलं, आणि गवत वाचलं म्हणून ती वाचली. चाळीस वर्षांच्या माझ्या ज्ञानाचा एवढाच उपयोग झाला.

ता. क. शेवटचा. गाडी यायला दहा मिनिटं हायेत. अंजू, आतापर्यंत कंसातलं वाचू नको म्हणालो, हे मी कंसात घालत न्हाई. सटवा शेळ्यांकडं निघाला असंल तर हाक मारून माघारी बोलव आणि मोठ्यानं वाच. बापू, बेलबागेच्या फाटकाची कडी त्या दिवशी मी लावली न्हवती. आरतीला उशीर झालता, तसाच उघडं टाकून पळालो. पंचायतीत मला विचारलं तर मी म्हणलं, शेळ्या सटव्याच्या होत्या. तेबी खरंच होतं. कडीचं कुणी विचारलं न्हाई आणि मी सांगितलं न्हाई. तुझं करडू माझ्या कडीनं मेलं. हे मी तीन वर्षांत पिंडीलाबी सांगितलं न्हाई, आज पहिल्यांदा तुला सांगतोय. झाडं दाखवायला यायचं असंल तर ये. यायचं नसंल तर येऊ नको, पण फोन कर आणि पोटभर शिव्या घाल. मी पहिल्या घंटीला उचलीन.